औषध-विश्लेषक : अध्यापन, संशोधन आणि बाटलीतील सत्य

उज्जैनच्या फ्रीगंज भागात टावर चौक आहे आणि चौकाला नाव देणाऱ्या मनोऱ्यावर घड्याळ आहे. ते दोन मिनिटे पुढे गेले असेल, तर येणाऱ्याजाणाऱ्या कोणालाही स्वतःच्या मनगटाकडे पाहून ते कळते. त्याच बाजारपेठेत घेतलेल्या औषधाच्या गोळीची मात्र अशी पडताळणी ग्राहकाला करता येत नाही. वेष्टनावर ५०० मिलिग्रॅम छापलेले असले, की ते मान्य करण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. रंग, चव, वजन, वास यांपैकी कशावरूनही आतील औषधाचे प्रमाण ओळखता येत नाही. उज्जैनमध्ये जे खरे, तेच पणजीत आणि म्हापशातही खरे. ग्राहकाच्या वतीने ही पडताळणी करणे हे ज्याचे शास्त्र आणि चरितार्थ, तो रसायनशास्त्रज्ञ म्हणजे औषध-विश्लेषक.

या विषयातील प्राध्यापकाची कारकीर्द सहसा वर्तमानपत्रात येत नाही. नवे औषध शोधणाऱ्याला नाव मिळते, रोग बरा करणाऱ्या डॉक्टरला कृतज्ञता मिळते. औषधात जे असायला हवे ते आहे आणि जे नसावे ते नाही, एवढेच सांगणाऱ्याची आठवण दुर्घटनेच्या वेळी होते. मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली, तेव्हा ती झाली. त्या प्रसंगाकडे पुढे यायचे आहे. त्याआधी हा व्यवसाय काय आहे, त्यात माणसे कशी येतात आणि विद्यापीठात बसून ती नेमके काय करतात, हे पाहणे उपयोगाचे ठरेल.

परंपरेचा थोडा मागोवा

ब्रिटिश अमदानीत भारतात औषधांची आयात मोठी आणि तपासणी जवळजवळ नव्हती. भेसळीच्या तक्रारी वाढल्यावर १९३० साली कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली आणि तिने १९३१ मध्ये अहवाल दिला. औषधांवर कायदेशीर नियंत्रण हवे, चाचणीसाठी प्रयोगशाळा हव्यात आणि औषधव्यवसायाचे पद्धतशीर शिक्षण हवे, असा तिचा आग्रह होता. १९४० चा औषध कायदा, १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा ही त्याच विचाराची पुढची फळे. बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी १९३२ मध्ये औषधशास्त्राचे विद्यापीठीय शिक्षण सुरू केले. तेथील अभ्यासक्रमात रासायनिक विश्लेषणाला महत्त्व होते, कारण त्या काळी या पदवीधराकडून पहिली अपेक्षा हीच होती : माल खरा की खोटा, ते सांग. भारतीय औषधसंहितेची, म्हणजे इंडियन फार्माकोपियाची, पहिली आवृत्ती १९५५ साली निघाली.

गोव्याचा इतिहास याहून वेगळा आणि जुना आहे. पोर्तुगीज राजवटीत १८४२ साली पणजीत वैद्यकीय-शल्य विद्यालय स्थापन झाले आणि त्याच्याच छायेत औषधनिर्मितीचे शिक्षण रुजले. आजचे गोवा फार्मसी महाविद्यालय आपली परंपरा तेथपर्यंत नेते. माळव्यात विद्यापीठीय शिक्षण पुष्कळ उशिरा आले. उज्जैनचे विक्रम विद्यापीठ १९५७ चे. मात्र आज दोन्ही प्रदेशांत एक साम्य दिसते. उज्जैनपासून फार दूर नसलेल्या पीथमपूरला औषधकारखाने आहेत आणि गोव्यात वेर्ण्यापासून कोलवाळपर्यंत ते पसरलेले आहेत. या कारखान्यांच्या गुणवत्ता विभागांत यंत्रासमोर उभी असलेली तरुण मुले-मुली ही याच विषयाच्या प्राध्यापकांची शिष्यपरंपरा होय.

विद्यार्थी ते प्राध्यापक

या वाटेला दोन दारे आहेत. एक बी. फार्म. आणि जीपॅट परीक्षेतून औषध-विश्लेषणातील एम. फार्म.चे, दुसरे विश्लेषणात्मक रसायनशास्त्रातील एम. एस्सी.चे. दोहोंच्या पुढे पीएच.डी. आहे. पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती ब्युरेट येते. आम्ल थेंबाथेंबाने सोडायचे, रंग बदलताच थांबायचे आणि वाचन घ्यायचे, हे टायट्रेशन कंटाळवाणे वाटते. पण शेवटच्या थेंबाला हात थांबवण्याची सवय तेथेच लागते आणि पुढे कोट्यवधींच्या यंत्रापुढेही तीच उपयोगी पडते. महाराष्ट्र-गोव्यातील फार्मसीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी कस्तुरे, महाडिक, वडोदकर आणि मोरे या चौघांचे, पुण्याच्या निराली प्रकाशनाने काढलेले ‘फार्मास्युटिकल अॅनालिसिस’चे दोन भाग वापरले आहेत. बेकेट आणि स्टेनलेक यांचा इंग्रजी ग्रंथ ग्रंथालयात, आणि हे दोन भाग वसतिगृहातील उशाशी, अशी साधारण विभागणी असे. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तककारांचे ऋण क्वचितच कोणी मोजतो, म्हणून हा उल्लेख.

टायट्रेशननंतर येते ‘यूव्ही’, म्हणजे अतिनील प्रकाशाचे शोषण मोजणारे यंत्र, आणि त्यानंतर एचपीएलसी. आजच्या औषध-विश्लेषणाचा कणा म्हणजे हे एचपीएलसी. पंचवीस सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटरहून कमी व्यासाची पोलादी नळी घ्यावी, तीत काही मायक्रॉन आकाराचे सिलिकाचे कण ठासून भरावेत आणि मोठ्या दाबाने द्रव तिच्यातून ढकलावा, अशी तिची रचना. गोळी विरघळवून तिचा एक थेंब या प्रवाहात सोडला, की मिश्रणातील प्रत्येक पदार्थ त्या कणांशी आपापल्या ओढीप्रमाणे रेंगाळतो. कोणी चार मिनिटांत बाहेर पडतो, कोणी नऊ मिनिटांत. नळीच्या तोंडाशी बसलेला शोधक प्रत्येकाची नोंद एका शिखराच्या रूपात करतो. शिखर कोणत्या मिनिटाला आले यावरून पदार्थाची ओळख पटते आणि त्याखालील क्षेत्रफळावरून प्रमाण कळते. पॅरासिटामॉलच्या गोळीत भारतीय औषधसंहितेप्रमाणे छापील प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्के औषध असावे लागते. म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या गोळीत ४७५ पेक्षा कमी नाही आणि ५२५ पेक्षा जास्त नाही.

संशोधक विद्यार्थ्याचे काम या मोजमापाची ‘पद्धत’ घडवणे हे असते. कोणता द्रव, कोणती नळी, किती तापमान, हे ठरवून झाले की ती पद्धत विश्वासार्ह असल्याचे सिद्ध करावे लागते. त्याला ‘व्हॅलिडेशन’ म्हणतात. त्याचे निकष आयसीएच या आंतरराष्ट्रीय मंचाच्या ‘क्यू-२’ मार्गदर्शिकेत दिले आहेत. ती मुळात १९९४-९६ मधील असून तिची सुधारित आवृत्ती २०२३ मध्ये आली. अचूकता, पुनरावृत्ती, किमान किती अल्प प्रमाण ओळखता येते, अशी कसोट्यांची मालिका तीत आहे. त्यांतील सर्वांत कठीण कसोटी विशिष्टतेची : आपण जे मोजतो आहोत ते खरोखर तेच आहे ना? दुसरा एखादा पदार्थ त्याच्या वेषात त्याच वेळी त्याच दारातून बाहेर पडत नाही ना? या एका प्रश्नावर कित्येकांची सारी कारकीर्द उभी राहिली आहे.

रिफॅम्पिसिनची गोष्ट

त्याचे भारतातील उत्तम उदाहरण क्षयरोगाच्या औषधाचे आहे. क्षयरुग्णाला सहा महिने तीन-चार औषधे रोज घ्यावी लागतात. रुग्ण एखादे औषध टाळतो आणि जंतू त्याला सरावतात. म्हणून सर्व औषधे एकाच गोळीत घालावीत, या विचाराला जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात पाठबळ दिले. कल्पना उत्तम होती. पण अशा काही मिश्र गोळ्यांतून रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध रक्तात अपेक्षेपेक्षा कमी पोहोचते, असे आढळू लागले. गोळीत औषध पूर्ण भरलेले आहे. मग ते जाते कोठे?

अहमदाबादच्या बी. व्ही. पटेल पर्ड केंद्रातील सी. जे. शिशू आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात याचा माग काढला. पोटातील आम्लाशी मिळतेजुळते विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन, शरीराच्या तापमानाला म्हणजे ३७ अंश सेल्सिअसला, पाऊण तास रिफॅम्पिसिन त्यात ठेवले तेव्हा सुमारे १२ टक्के औषधाचे विघटन झाले. त्याच द्रवात आयसोनियाझिड हे जोडीचे औषध घातले, तेव्हा विघटन सुमारे २१ टक्क्यांवर गेले. दोन्ही औषधे रोग्याच्या भल्यासाठी एका गोळीत आणली होती, आणि पोटात शिरताच एक दुसऱ्याचा घात करत होते.

चंदीगडलगतच्या मोहाली येथील नायपर या राष्ट्रीय संस्थेत औषध-विश्लेषण विभागाचे प्राध्यापक सरनजित सिंग आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी याचे रासायनिक कारण उलगडले. रिफॅम्पिसिन आम्लात तुटून ‘३-फॉर्मिल रिफामायसिन’ तयार होते. आयसोनियाझिड त्याला चटकन पकडते आणि एक हायड्राझोन बनवते. त्यामुळे तुटण्याची क्रिया आणखी पुढे रेटली जाते. गंमत अशी, की हा हायड्राझोन स्वतःही आम्लात टिकत नाही. तो फुटून आयसोनियाझिड पुन्हा मोकळे होते आणि पुढच्या रेणूला धरायला तयार होते. तोटा जवळपास सगळा रिफॅम्पिसिनचा. दलाल सुरक्षित आणि मालक बुडीत, असा हा व्यवहार होता.

येथे विश्लेषकाची खरी कसोटी होती, कारण तुटलेला पदार्थही मूळ औषधासारखाच गडद रंगाचा आहे. दोहोंचे वर्णपट एकमेकांवर चढतात. नुसत्या रंगाच्या तीव्रतेवरून औषध मोजणाऱ्याला ते ‘पूर्ण’ दिसू शकते, आणि दिसत असलेल्या त्या औषधातील मोठा भाग निकामी असू शकतो. पद्धत चुकीचे आकडे देत नाही. ती चुकीच्या पदार्थाचे बरोबर आकडे देते. मोजण्याआधी दोघांना वेगळे करावे लागते, आणि ते काम एचपीएलसी करते. पुढे अशा गोळ्यांत दोन्ही औषधे वेगळ्या थरांत ठेवणे, किंवा एकाला आम्लात न विरघळणारे वेष्टन देणे, असे उपाय सुचवले गेले. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमाने २०१७ पासून देशभर रोजच्या मिश्र गोळ्यांचा उपचार स्वीकारला. त्या गोळ्यांच्या दर्जाचा प्रश्न लाखो रुग्णांशी निगडित आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या कामाचे मोल कळते.

सिंग यांचे अधिक व्यापक योगदान ‘ताण-चाचण्यां’च्या क्षेत्रातील आहे. औषधाला मुद्दाम छळायचे : आम्लात उकळायचे, अल्कात ठेवायचे, हायड्रोजन पेरॉक्साइड घालायचे, उन्हासारख्या प्रकाशात आणि कोरड्या उष्णतेत ठेवायचे. त्यातून जे जे तुकडे निघतील ते सर्व आपल्या पद्धतीला मूळ औषधापासून वेगळे ओळखता आले पाहिजेत. मोनिका बक्षी आणि सरनजित सिंग यांनी २००२ मध्ये लिहिलेला या विषयावरील समीक्षालेख जगभरच्या शोधनिबंधांतून उद्धृत होत आला आहे, आणि आपल्याकडच्या एम. फार्म.च्या विद्यार्थ्यांनी त्याची पारायणे केली आहेत. गोव्यासारख्या दमट किनारी प्रदेशात हा विषय कोरडा राहत नाही. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या फडताळात ठेवलेली गोळी मुदतीच्या तारखेपर्यंत टिकेल का, याचे उत्तर शेवटी अशाच चाचण्यांवर आधारलेले असते. भारतासाठीचे दीर्घकालीन स्थिरता-अभ्यास ३० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता गृहीत धरून केले जातात. युरोपसाठी २५ अंश पुरतात.

निबंधांचा पूर आणि त्यातील गाळ

सर्वच संशोधन या तोलाचे असते असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. गेल्या काही दशकांत फार्मसी महाविद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. पदोन्नतीला शोधनिबंध आवश्यक झाले, आणि औषध-विश्लेषण हा निबंध काढण्याचा स्वस्त मार्ग ठरला. एचपीएलसी परवडत नसेल तरी यूव्ही यंत्र बहुतेक महाविद्यालयांत असते. दोन औषधांची मिश्र गोळी घ्यायची, दोन तरंगलांबींवर शोषण मोजायचे आणि शाळेतील बीजगणिताप्रमाणे दोन अज्ञातांची दोन समीकरणे सोडवायची. सहा महिन्यांत निबंध तयार. बाजारात मिश्र गोळ्यांची वाण नव्हती, त्यामुळे विषयांचीही नव्हती.

या निबंधांत मूलतः काही चूक असते असे नाही. विद्यार्थी त्यातून काम शिकतो, आणि साध्या यंत्रावर चालणारी स्वस्त पद्धत छोट्या कारखान्याला उपयोगीही पडू शकते. खंत वेगळी आहे. एकाच औषधासाठी डझनावारी पद्धती प्रसिद्ध होतात, प्रत्येकीला ‘साधी, अचूक आणि किफायतशीर’ असे म्हटले जाते, आणि त्यांतील बऱ्याच कोणी वापरत नाही. निमेसुलाइड आणि पॅरासिटामॉल यांच्या मिश्रणावर अशा अनेक पद्धती लिहिल्या गेल्या. हे दोन वेदनाशामक एकत्र द्यावेत का, हा प्रश्न मात्र त्या निबंधांच्या कक्षेबाहेर राहिला; केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये चौदा मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत या जोडीच्या पाण्यात विरघळणाऱ्या गोळीचा समावेश होता. त्याआधी सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणे बंद झालीच होती. जे मोजतो आहोत ते असावे का, हे विचारणे विश्लेषकाचे काम नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाला तो पटत नाही. औषधाचा रेणू ज्याला सर्वांत जवळून ठाऊक, त्यानेच गप्प बसावे हे विचित्र आहे.

जे शोधले नाही ते सापडत नाही

आता छिंदवाड्याकडे. हा जिल्हा मध्य प्रदेशात असला, तरी त्याचा सौंसरकडील दक्षिण भाग मराठी बोलतो आणि तेथील माणूस मोठ्या दुखण्याला नागपूर गाठतो. आजारी पडलेली कित्येक बालके उपचारांसाठी नागपुरातच आणली गेली. साध्या सर्दी-खोकल्यानंतर मुलांची लघवी थांबू लागली आणि मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. संशय ‘कोल्ड्रिफ’ या तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात बनलेल्या औषधावर गेला. सुरुवातीला तपासलेल्या काही नमुन्यांत विषारी द्रव्य आढळले नाही, असे जाहीर झाले. तमिळनाडूच्या सरकारी प्रयोगशाळेने कारखान्यातून घेतलेला नमुना ऑक्टोबरच्या आरंभी तपासला, तेव्हा त्यात डायएथिलिन ग्लायकॉल हे द्रव्य ४८.६ टक्के निघाले. औषधासाठी वापरायच्या ग्लिसरीन वा प्रोपिलिन ग्लायकॉलमध्ये त्याची मर्यादा ०.१ टक्का आहे. म्हणजे औषधाच्या बाटलीत ते त्या मर्यादेच्या ४८६ पट होते. नमुना कोठला, कोणत्या बॅचचा आणि कोणी घेतला, हा विश्लेषणाबाहेरचा कारकुनी तपशील नव्हे, तो विश्लेषणाचा पहिला भाग आहे, हे या घटनाक्रमाने दाखवून दिले.

डायएथिलिन ग्लायकॉल रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर असते. ते ग्लिसरीनसारखे दिसते, ग्लिसरीनसारखे वाहते आणि स्वस्त असते. उद्योगात त्याचा वापर मोठा आहे. माणसाच्या शरीरात ते मूत्रपिंडांचा नाश करते. याचा पहिला मोठा धडा अमेरिकेने १९३७ साली घेतला. सल्फानिलामाइड हे औषध द्रवरूपात देण्यासाठी एका कंपनीने ते याच द्रव्यात विरघळवले. विक्रीपूर्वी रूप, स्वाद आणि गंध तपासला गेला. विषारीपणा तपासला नाही. शंभरहून अधिक माणसे गेली आणि पुढच्याच वर्षी तेथे नवा औषध कायदा झाला. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९८६ च्या प्रारंभी चौदा रुग्ण दगावले. डोक्यातील वा डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये हेच द्रव्य होते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून अन्न व औषध प्रशासनापर्यंतच्या साखळीवर कडक ताशेरे ओढले. त्यानंतरही गुडगाव, जम्मूतील रामनगर, भारतीय औषधामुळे गांबिया, असे प्रसंग घडत राहिले. १ जून २०२३ पासून निर्यातीच्या खोकल्याच्या औषधांना सरकारी वा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. छिंदवाड्याची बाटली निर्यातीची नव्हती.

सामान्य वाचकाला प्रश्न पडतो, की कारखान्यात प्रत्येक बॅचची चाचणी होते तर हे विष सुटते कसे? उत्तर वर रिफॅम्पिसिनच्या संदर्भात आलेच आहे. नेहमीची चाचणी औषध किती आहे ते मोजते. खोकल्याच्या औषधात पॅरासिटामॉल, क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलेफ्रिन यांची शिखरे योग्य वेळी, योग्य उंचीची आली, की अहवालावर ‘प्रमाणित’ लिहिता येते. त्या बाटलीत अर्धा भाग विष असले, तरी या चाचणीला ते दिसत नाही, कारण अतिनील प्रकाशाला ते जवळपास पारदर्शक असते आणि शोधकासमोरून मुकाट्याने निघून जाते. त्याला पकडण्यासाठी वेगळे यंत्र लागते, वायू-वर्णलेखन करणारे जीसी. आणि पकडायचे तर ते औषध तयार झाल्यावर नव्हे, ग्लिसरीनचे पिंप कारखान्याच्या दारात उतरताच, प्रत्येक पिंपातून नमुना घेऊन. ही चाचणी अवघड नाही. पद्धत संहितेत छापलेली आहे, एम. फार्म.च्या विद्यार्थ्याला ती एका दिवसात शिकवता येते. ती केली जात नाही तेव्हा कारण विज्ञानाचे नसते. वेळ, पैसा किंवा पुरवठादाराच्या कागदावरचा विश्वास, यांपैकी काहीतरी असते.

विशिष्टतेचा जो पाठ प्राध्यापक फळ्यावर लिहितो, त्याचा अर्थ येथे उघडा पडतो. परीक्षेत त्याला पाच गुण असतात.

सरकारी विश्लेषकाचे आसन

या विद्येचे एक टोक न्यायालयात आहे. औषध कायद्याखाली प्रत्येक राज्य ‘शासकीय विश्लेषक’ नेमते. त्यासाठी विज्ञान, वैद्यक किंवा फार्मसीच्या पदवीनंतर औषध-चाचणीचा पाच वर्षांचा, अथवा पदव्युत्तर पदवीनंतर तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो. औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो तेव्हा साधारणपणे त्याचे चार भाग करून मोहोरबंद केले जातात. एक विक्रेत्याकडे राहतो, एक विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी ठेवला जातो आणि एक, पुरवठादाराचे नाव उघड झाले असल्यास, त्याला दिला जातो. विश्लेषकाची सही असलेला अहवाल पुरावा ठरतो. आरोपीने २८ दिवसांत त्याला आव्हान दिले नाही, तर तो निर्णायक मानला जातो. दिले, तर न्यायालयातील भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत जाऊ शकतो आणि तिचा शब्द अखेरचा. एवढी ताकद फार थोड्या सरकारी कागदांना असते. म्हणूनच त्या कागदामागची पद्धत निर्दोष हवी, आणि ती घडवणारी माणसे विद्यापीठांतूनच येतात. संहितेचे काम पाहणाऱ्या गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया आयोगालाही आपल्या तज्ज्ञ समित्यांसाठी अशाच प्राध्यापकांवर अवलंबून राहावे लागते.

तरीही या दोन जगांत, म्हणजे महाविद्यालय आणि सरकारी प्रयोगशाळा यांत, ये-जा फार कमी आहे. प्राध्यापक निबंध लिहितो, सरकारी विश्लेषक संहितेतील जुनी पद्धत चालवतो, आणि कारखान्यातील तरुण रात्रपाळीत यंत्राचे छापील कागद फाइलला लावतो. तिघेही एकाच पुस्तकातून शिकलेले असतात. गोवा आकाराने लहान आहे. बांबोळीचे अन्न व औषध प्रशासन, पणजीचे महाविद्यालय आणि वेर्ण्याचे कारखाने यांच्यात तासाभराहून अधिक अंतर नाही. एम. फार्म.च्या दरवर्षीच्या प्रबंधांतील काही विषय बाजारातील बालऔषधांच्या प्रत्यक्ष नमुन्यांवर बेतायला येथे भूगोलाची तरी अडचण नाही.

ग्राहकालाही या प्रयोगशाळेचे दार बंद नाही, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. औषध कायद्याच्या कलम २६ प्रमाणे कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संस्था स्वतः विकत घेतलेले औषध, विहित अर्ज आणि शुल्क भरून, शासकीय विश्लेषकाकडे तपासणीस देऊ शकते आणि त्याच्या सहीचा अहवाल मिळवू शकते. त्यासाठी खरेदीचे बिल जपून ठेवावे. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहिलेली असल्याची खात्री दुकानातच करून घ्यावी. शंका असलेल्या बॅचची एखादी न उघडलेली बाटली किंवा पूर्ण पट्टी हाती असणे चांगले. उघडलेली बाटली टाकून देऊ नये, ती घट्ट बंद करून थंड, अंधाऱ्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवावी आणि बिलासह औषध निरीक्षकाच्या स्वाधीन करावी.